फोटो हललाय

॥ श्री ॥
हाटकेश, मीरा रोड
६ नोव्हेंबर २०२४

ती. दादा यांस,
सुचेताचा शि. सा. न. वि. वि.

भाऊबीज झाली. पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजन लावलं आणि ओवाळलं कुणाला, तर चंद्राला. चंद्र बिचारा गुणी. न बोलावता येतो आणि करंज्यांना नावं ठेवत नाही. पण सलग चौथं वर्ष आहे हे, दादा. मे महिन्यात मी गावाला यायचं आणि दिवाळीत तू इकडे, असं आपलं ठरलेलं. वहिनी गेल्यापासून तू गावाची वेस ओलांडलेली नाहीस. मी समजून घेत होते, आता रागावले आहे. राग पत्रातून कळवते, कारण फोन फक्त औषधं आणि मयत यांच्यासाठी, हा आपल्या घरातला कायदा तुझाच.

आता आनंदाची बातमी. ह्यांनी मला गणपतीत कॅमेरा घेऊन दिला. लांबचं जवळ दिसणारा, चांगला दंडाएवढा. ह्यांचा हेतू एवढाच की निवृत्तीनंतर मी दिवसभर ह्यांच्याकडे बघत बसते ते थांबावं. तो हेतू शंभर टक्के सफल झालाय. मी आता बदामाच्या झाडाकडे बघते. आमच्या सहाव्या मजल्याच्या गॅलरीतून खाली स्टीलच्या डब्यांच्या कारखान्याचे पत्रे दिसतात ना, त्या पत्र्यावर धनत्रयोदशीला पांढरा धोबी उतरला! हिमालयापलीकडून आला आणि हाटकेशच्या गाळ्यावर शेपूट हलवत चालायला लागला, भाडं ठरवायला आल्यासारखा. मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या गुजराती बाई सिलिंडर बंद करून धावत आल्या. मग त्यांनाही धोबी दाखवला. त्या म्हणाल्या की इसके लिए इतना चिल्लाने का?

सोबत सात फोटो आहेत. धोबी, दयाळ, बुलबुल दोन, शिंपी, तांबट, आणि एक कावळा, तो मध्येच आला. पाखरं ओळखायला तू शिकवलंस मला. अख्ख्या तालुक्यात नजर म्हणजे काशीनाथ मोजणीदाराची. साखळी न टाकता बांध किती हात सरकलाय ते सांगणारा माणूस तू. तेव्हा तुझं मत येईपर्यंत मला जेवण गोड लागणार नाही. आणि खरं सांगू? फोटो इतके आवडावेत की ते काढणारीला भेटायला तू उठून यावंस, एवढीच माझी इच्छा आहे.

जितेश आणि सूनबाई समिधा यांस आशीर्वाद. रागावलेली असले तरी लोभ आहे, तुझाही राहू दे.

तुझी,
सुचू

---

वरचीवाडी, ता. गुहागर
११ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सुचेतास अनेक आशीर्वाद.

पत्र व फोटो पोचले. सातही फोटो हललेले आहेत.

वाईट वाटून घेऊ नकोस. पहिल्या वर्षी माझी साखळीसुद्धा वाकडी पडायची. पण खरं ते सांगणं माझं कर्तव्य आहे. धोबी म्हणून जो पाठवलास तो धोबी आहे हे तू लिहिलंस म्हणून मी मानतो. कावळा त्यातल्या त्यात बरा आहे.

यायचं म्हणतेस, तर ऐक. खाडीकडच्या गवतात आता गप्पीदास उतरले असतील. काळं डोकं, विटकरी छाती, गवताच्या काडीच्या शेंड्यावर बसतो. त्याचा असा फोटो काढ की त्याचा डोळा दिसला पाहिजे आणि डोळ्यात उजेडाचा ठिपका दिसला पाहिजे. तो ठिपका मला दिसला की मी त्याच दिवशी गाडीत बसतो. काशीनाथने दिलेला शब्द आहे.

आणखी एक. तुझं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं झालंय. जरा मोठं काढत जा. कागद सरकारी नाही, काटकसर नको. गुणवंतरावांना नमस्कार.

तुझा,
दादा

---

॥ श्री ॥
मीरा रोड
१७ नोव्हेंबर २०२४

ती. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर मोठं काढलंय, पोटभर वाच. तुझंही अक्षर भलतंच मोठं झालंय. निवडणुकीच्या भिंतीवर लिहितात तसं. एवढंसं पत्र आणि पाच कागद!

सातही हललेले म्हटल्यावर मी दोन दिवस रुसले आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागले. दादाला चूक दिसली म्हणजे चूक आहे, ती कुठे एवढंच शोधायचं. प्रथम कॅमेरा भाईंदरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने उघडला, फुंकला, बंद केला आणि म्हणाला की आंटी, कैमरा तो एकदम फिट है. मी म्हटलं, पुन्हा बघा. त्याने पुन्हा फुंकला. मग मी चष्मा बदलला. नंबर जुनाच निघाला, फ्रेम तेवढी नवी आली. शेवटी आमच्या डॉक्टरकडे गेले आणि हात कापतात का ते तपासून घेतलं. त्यांनी माझ्या हातांवर कागद ठेवून पाहिला. कागद ढिम्म. त्यांनी विचारलं की तक्रार काय आहे. मी सांगितलं की माझा भाऊ म्हणतो मी हलते. त्यांनी विचारलं की भाऊ डॉक्टर आहेत का. मी म्हटलं, नाही, मोजणीदार. त्यांनी मला जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या.

मग ह्यांना घेऊन इथल्या राई गावाला गेले. गावाच्या मागे खाडीकडे अजून गवताचा पट्टा उरलाय, त्याच्यापुढे इमारती लागतातच. तिथे धाकूदादा म्हणून एक आहेत, सकाळी जाळं घेऊन खाडीत उतरतात. त्यांनी मला बांध दाखवला. आणि दादा, पाचव्या मिनिटाला गप्पीदास! काडीच्या टोकावर, ऐटीत, सासरा मांडवात बसतो तसा. मी श्वास रोखला. इतका वेळ रोखला की ह्यांना वाटलं मला काहीतरी झालंय, म्हणून ह्यांनी बाटलीतलं पाणी माझ्या तोंडावर मारलं. मी दचकून मागे सरले ती थेट चिखलात, गुडघ्यापर्यंत. कॅमेरा मात्र डोक्यावर धरलेला. धाकूदादा बांधावरून शांतपणे म्हणाले की बाय, पाखरू हाय तिथंच हाय, तू कशाला खाली गेलीस. खरंच, तो जागचा हलला नव्हता! चिखलात उभ्याउभ्याच अकरा फोटो काढले. दोघांनी ओढून मला बाहेर काढलं, एक चप्पल खाडीला वाहिली.

अकरातला सगळ्यात चांगला पाठवतेय, मोठ्या आकारात. डोळा आहे, ठिपका आहे. बॅग भरायला घे. थंडीचे कपडे नकोत, इथे थंडी फक्त बातम्यांत असते.

चप्पल गेली तरी लोभ शाबूत आहे.

तुझी,
सुचू

---

वरचीवाडी
२२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सुचेतास अनेक आशीर्वाद.

गप्पीदास पोचला. हललाय.

डोळा शोधला. उन्हात नेऊन शोधला. मला काही मिळाला नाही, तेव्हा ठिपक्याचा प्रश्नच नाही. तुझ्या कष्टांचं कौतुक आहे, परंतु मोजणीत कष्ट धरत नाहीत, माप धरतात. या वयात एखादा छंद जमला नाही म्हणून सोडला, तर त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. भरतकाम तुला चांगलं यायचं.

इकडे सुपारी काढणं चालू आहे. मी ओसरीवरून देखरेख करतो. येण्याचं पुढे बघू.

लोभ कमी झाला असं समजू नये.

दादा

---

मीरा रोड
२६ नोव्हेंबर २०२४

ती. दादा यांस,
नमस्कार वि. वि.

भरतकाम! शाळेतल्या त्या रुमालावर तू मोराला कोंबडा म्हणाला होतास, विसरले नाहीये मी.

आता माझी अट. सोबत एकच फोटो आहे. नाव लिहीत नाही. राईचा बांध, सकाळचे साडेसात, एवढंच सांगते. ओळख बघू! ओळखलास तर फोटो स्वच्छ आहे असं मी धरणार आणि तू गाडीत बसायचंस. नाही ओळखलास तर तालुक्यातली सगळ्यात तेज नजर निवृत्त झाली असं मी समिधाला कळवणार.

रागात असल्यामुळे लोभाचं पुढच्या पत्रात लिहीन.

सुचेता

---

वरचीवाडी
१ डिसेंबर २०२४

चि. सौ. सुचेतास अनेक आशीर्वाद.

अगं, एवढ्या सोप्या परीक्षेला कशाला बसवतेस? राखी बगळा.

नर आहे. वय झालेलं. मान खांद्यात ओढून बांधावर उभा आहे, म्हणजे थंडी वाजतेय किंवा सकाळपासून काही मिळालेलं नाही. पोट बरंच सुटलंय, म्हणजे एरवी खायला भरपूर मिळत असणार आणि हालचाल बेताची. गळ्याशी तांबूस दिसतं ते जरा चमत्कारिक आहे, पण म्हातारपणी पिसांचा रंग बदलतो. असे पक्षी तासन्‌तास एका जागी उभे राहतात, त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. याची मादी आसपासच असेल, कारण हा एकटा स्वतःचं पोट भरू शकेल असं वाटत नाही.

ओळखला म्हणून फोटो स्वच्छ, हे तुझं गणित मला मान्य नाही. जाणकार माणूस सावलीवरूनही ओळखतो. फोटो हललेलाच आहे. तेव्हा येण्याचं तूर्त स्थगित.

गुणवंतरावांना नमस्कार सांग. बरेच दिवसांत त्यांची काही खबर नाही.

तुझा,
दादा

---

॥ श्री ॥
मीरा रोड
५ डिसेंबर २०२४

चि. सौ. समिधास अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकिटावर मुद्दाम तुझं नाव घातलंय. हे पत्र दादाच्या हाती पडू देऊ नकोस. फोन केला असता, पण तुमच्याकडे रेंज फक्त ओसरीवर आणि ओसरीवर दादा.

गेल्या पत्रात मी दादाला शेकाट्याचा फोटो पाठवणार होते. लांब लाल पायांचा असतो ना, तो. स्टुडिओतून दोन फोटो छापून आणले होते. एक शेकाट्याचा आणि एक तुझ्या मामांचा, म्हणजे आमच्या ह्यांचा. राखी स्वेटर, विटकरी मफलर, हात बगलेत, बांधावर कुडकुडत उभे. मी रागाच्या भरात पाकीट चिकटवलं. दादाचं उत्तर आल्यावर बघते तर शेकाट्या फ्रिजवर आणि हे गुहागरला!

आणि दादाने ह्यांना राखी बगळा म्हणून ओळखलं. नर. वय झालेलं. पोट सुटलेलं. पत्र वाचताना मी हसून हसून जमिनीवर बसले. यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये, हे वाक्य मी ह्यांना तीनदा वाचून दाखवलं. दादाने काय फिरकी घेतली म्हणून शेजारणीला हिंदीतून सांगितलं, तीही बसली.

हे मात्र हसले नाहीत. आधी मला वाटलं बगळ्याला राग आला. पण ह्यांनी पत्र माझ्याकडून घेतलं, दोनदा वाचलं आणि म्हणाले की सुचेता, दादा थट्टा करत नाहीयेत. त्यांना दिसत नाहीये.

समिधा, एरवी ह्यांना समोर ठेवलेला डबा दिसत नाही गं. पण हे ह्यांनाच दिसलं. मी कॅमेरा तपासला, चष्मा तपासला, हात तपासले. दादाचे डोळे तपासावेत असं माझ्या मनातही आलं नाही. दादाची नजर चुकेल, हे आमच्या घरात कुणी शिकवलंच नव्हतं.

तू त्याच्याजवळ असतेस. गुपचूप लक्ष ठेव आणि खरं काय ते लगेच लिही. त्याला काही विचारू नकोस, तो मान्य करणार नाही.

वाट बघतेय. माझ्या जिवाला घोर लागलाय.

तुझी,
सुचेताआत्या

---

वरचीवाडी
९ डिसेंबर २०२४

ती. सौ. आत्यांस,
समिधाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं आणि मी तीन दिवस घरात पोलीस झाले. आमच्या डोळ्यांसमोर राहून अण्णांनी आम्हाला कसं बनवलं ते वाचा.

अण्णा चहा ओतताना कपाच्या कडेला बोट लावून धरतात. मला वाटायचं, चहा किती गरम आहे ते बघतात. ते बोटाला चहा लागेपर्यंत ओततात. ओसरीच्या पायऱ्या उतरताना ते काहीतरी पुटपुटतात. आम्हाला वाटायचं, नामस्मरण. मी मागे जाऊन ऐकलं तर एक, दोन, तीन, चार, आणि मग पाऊल. मी परवा चौथ्या पायरीवर सुपारीची रोवळी ठेवली, त्यांनी तिच्यात बरोबर पाय घातला आणि जितेशवर ओरडले.

तुमची पत्रं ते भर दुपारी भिंग घेऊन आगराच्या टोकाला जाऊन वाचतात. एका पत्राला दोन दुपारी लागतात. फोटो मात्र भिंगातूनही जमत नसावेत.

पेपरचं सांगू? मी त्यांना मुद्दाम दोन दिवस एकच पेपर दिला. दोन्ही दिवस तेवढाच वेळ लावून वाचला. आज उलटा दिला. त्यांनी तो उलटाच धरला, अर्धा तास वाचला, घडी घातली आणि म्हणाले की देश अधोगतीला चाललाय. मी मोरीत जाऊन तोंडावर पदर घेऊन हसले आणि तिथेच रडलेही, आत्या. एवढा हुशार माणूस एकटाच केवढं सांभाळत बसलाय.

जितेश म्हणतात की मोतीबिंदूच असणार, अण्णांच्या वडिलांनाही होता. चिपळूणला दाखवायचा विषय आडून काढला तर अण्णा काल रात्री जेवलेच नाहीत. ते तुमचंच ऐकतील. ऐकत नाहीत असं दाखवून ऐकतील. तुम्ही लिहा. आणायची जबाबदारी आमची.

बगळेमामांना माझा नमस्कार. तुमचा आधार वाटतो, तो असाच राहो.

आपली,
समिधा

---

॥ श्री ॥
मीरा रोड
१३ डिसेंबर २०२४

ती. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी खुर्चीत नीट बस. अक्षर मी तुझ्याएवढंच काढलंय, त्यामुळे सात कागद झालेत आणि टपालवाल्याने जास्तीची तिकिटं लावायला लावली.

तो राखी बगळा तुझा मेहुणा होता.

हो. गुणवंत. पाकिटात चुकून गेला. गळ्याचं तांबूस म्हणजे मी विणलेला मफलर. त्यांनी मनावर घेतलंय. काल पोहे करते म्हटलं तर म्हणाले की आम्ही बगळे, आम्हाला मासा लागतो. आज सकाळपासून मान ताणून चालतायत आणि पोट आत ओढलंय. बोलताना श्वास सोडावा लागतो तेवढं ते बाहेर येतं.

हसलास ना? मी पण हसले. आता ऐक. माझे फोटो हललेले नाहीत, दादा. माझा कॅमेरा फिट आहे, चष्मा फिट आहे, हातावरचा कागद ढिम्म होता. मला तुझ्यावर रागवायचं होतं, पण जमत नाही. गुडघाभर चिखलात उभी राहून मी एकच विचार करत होते, हा फोटो बघून दादा येईल. आणि तो फोटो तुला दिसतच नव्हता.

इथे आमच्या रस्त्यावर डोळ्यांचा दवाखाना आहे. तुझं नाव घातलंय. आधी एक डोळा, मग दुसरा. वीस मिनिटांचं काम असं म्हणतात. ऑपरेशनच्या वेळी मी दाराबाहेर असेन, हलणार नाही. २२ तारखेला जितेश तुला घेऊन येतोय. नाही म्हणालास तर मी तिकडे येईन आणि ओसरीवर ठाण मांडून भरतकाम करीन.

ये रे दादा. भीती वाटत असेल तर वाटू दे, पण ये. मलाही वाटतेय.

तुझी,
सुचू

---

वरचीवाडी
१७ डिसेंबर २०२४

चि. सौ. सुचेतास अनेक आशीर्वाद.

गुणवंतरावांची मी हात जोडून माफी मागतो. मादीबद्दल लिहिलेलं मात्र बदलत नाही.

चार वर्षं झाली. आधी उजवा, मग डावा. कुणाला सांगितलं नाही. ज्याच्या नजरेवर लोकांनी बांध घातले, त्याने काय तोंडाने सांगायचं? इथे घर मला पाठ आहे. पायऱ्या पाठ आहेत, आगरातली पोफळ पाठ आहे. तुझ्याकडे आलो असतो तर पहिल्याच उंबऱ्याला पडलो असतो आणि सगळ्यांना कळलं असतं. म्हणून भाऊबीज चुकवली. तुझ्या वहिनीचं निमित्त केलं, त्याचं वाईट वाटतं. आणि तुझ्या फोटोंना नावं ठेवली, त्याचं जास्त.

भीती वाटते. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

२२ ला येतो. तुमच्या इमारतीच्या दाराला पायऱ्या किती ते समिधाला कळव.

दादा

---

हाटकेश, मीरा रोड
२८ डिसेंबर २०२४

चि. सौ. समिधास अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी दिवसाला दहा मिनिटं लिहायची परवानगी दिली आहे. मी आजची आणि उद्याची एकदम वापरतोय. पायऱ्या पाच होत्या. सुचेताने सहा कळवल्या होत्या, मी हवेत पाय टाकला आणि गुणवंतरावांच्या अंगावर गेलो. त्यांनी मला धरलं. पोटाचा उपयोग झाला.

एक डोळा झाला. काही दुखलं नाही. बाहेर सुचेताच इतकी रडली की नर्सने पेशंट म्हणून तिलाच खुर्ची दिली. आता मला सगळं दिसतं, गरजेपेक्षा जरा जास्तच. समोरच्या कारखान्याच्या पत्र्यावरचे खिळे मोजले, एकशे चौदा आहेत. गुणवंतराव स्वेटर घालून गॅलरीत उभे राहिले की मी मुकाट दुसरीकडे बघतो. धोबी पाहिला. शेजारच्या बाई रोज येऊन मला विचारतात की अंकल, अब दिखता है? आणि बोटं दाखवतात.

काल सुचेताने सगळे फोटो पलंगावर मांडले आणि निकाल दे म्हणाली. छान आहेत गं, खरंच छान आहेत. तसं सांगितलं तर ती उडी मारून किंचाळली, या वयात, आणि पुन्हा शेजारचा सिलिंडर बंद झाला. आज पहाटे मला राईला नेलं होतं. धाकूने माझा काळा चष्मा बघून विचारलं की यो कोन पावना हाय, शिनेमातला काय?

एक गोष्ट तिला सांगितलेली नाही, तुला सांगतो. पट्टी काढली तेव्हा डॉक्टर पुढे होते आणि त्यांच्या मागे एक म्हातारी बाई उभी होती. केस पांढरे, गाल आत गेलेले, डोळ्यांखाली जाळं. माझी आईच उभी आहे असं मला क्षणभर वाटलं. मग ती हसली आणि मला कळलं की ही सुचू आहे. मे महिन्यात ती येऊन जायची, तेव्हा मी आवाज ऐकायचो आणि मनातला जुना चेहरा त्याला लावायचो. माझी धाकटी बहीण म्हातारी झाली आणि ते मला दिसलं नाही. ती विचारत होती, दादा, दिसतंय ना? औषधाने डोळ्यांत पाणी आलं असं तिला वाटलं, तिने रुमाल दिला.

महिनाभर ती मला पाखरं पाठवत होती. स्वतःचा एक फोटो तिने पाठवला नाही आणि मलाही मागावासा वाटला नाही. म्हणून आज राईच्या बांधावर ती धाकूशी बोलत असताना मी तिचा कॅमेरा उचलला आणि तिचा फोटो काढला. धाकू काहीतरी बोलला होता आणि ती तोंड उघडं टाकून हसत होती. स्टुडिओत जाऊन मीच छापून आणला, एकटा गेलो, एकटा आलो.

सोबत पाठवतोय. ओसरीवर माझ्या खुर्चीसमोर खिळा ठोकून लाव. मी दुसरा डोळा करूनच येईन, तोवर तुम्ही बघा.

जितेशला आशीर्वाद. तुम्हा दोघांवरचा माझा लोभ मी तिथे असताना बोलून दाखवत नाही, तो इथून लिहून कळवतो.

तुझे,
अण्णा